सोडल्याची खूण

रादोमच्या जुन्या बाजारात, रविवारी,
गंजक्या सुऱ्या आणि कान तुटलेल्या कपांच्या मधे
हाल्श्काला तो पाच झ्लॉटींना मिळाला.
पिवळट कळफलक, शेपटीला जांभळं गोल टोक.
विकणारा म्हणाला, हा आता कशालाच लागत नाही, बाई.
ती म्हणाली, बघू.

टाइपरायटरच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
ती कळांच्या स्प्रिंगा बोटाने जोखत होती.
कारखाना गेला. बोटातली कळ राहिली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर
काड्यापेटीहून लहान मायक्रोकंट्रोलर, आणि चार तारा:
एक पाच व्होल्टची, एक अर्थाची
(विजेचा अर्थ, दुसरा नव्हे),
एक ठोक्याची, एक बोलण्याची.
"ठोका हा देतो," ती भाच्याला फोनवर सांगते.
"मी नुसतं ऐकायचं."
भाचा म्हणतो, मावशी, नवा चाळीसला मिळतो.

कळफलकाला अक्षरं ठाऊक नसतात.
तो फक्त घर क्रमांक सांगतो.
आणि बोट उचललं की पुन्हा बोलतो:
एफ-शून्य, मग तोच क्रमांक.
म्हणजे, सोडलं.
कारखान्यात अशी पद्धत नव्हती.
एका सकाळी फाटक बंद होतं, एवढंच.

पण पडद्यावर, कोणी हात न लावता,
२९ २९ २९ २९
लांब पट्टीचा क्रमांक. शब्दांमधली मोकळी जागा.
मध्यरात्र उलटेपर्यंत कोणीतरी
ओळीमागून ओळ नुसती जागा सोडत होतं.

आधी तिने स्वतःवरच संशय घेतला.
रेझिस्टर बदलला, डाग पुन्हा दिले,
भाच्याने पाठवलेला प्रोग्रॅम पुसून
स्वतःचा लिहिला.
२९ २९ २९
मग लोण्याच्या सुरीने पट्टी उचकटली.

खाली खसखशीच्या केकचा तुकडा,
दगड झालेला.
कुठल्या कचेरीतला, कुठल्या नाताळातला,
कोणाला सुट्टी मिळाली नव्हती म्हणून
टाइप करता करता खाल्लेला.
तिने तो बशीत ठेवला. फेकला नाही.

पट्टी बसवली.
एफ-शून्य २९.
पडदा गप्प.

पट्टी डावीकडेच झिजली होती, आरशासारखी.
हाल्श्का उजवी.
तरी तिने डावा अंगठा त्या खळग्यात ठेवला,
दाबला,
आणि आकडे धावू लागले.
मागे किटली शीळ घालत होती.
ऐकू येत होतं तिला.
येतेय, म्हणाली,
पण अंगठा उचलला नाही, अजून थोडा वेळ.