वही भरणे

आजवर ते फक्त भाच्याच्या लॅपटॉपवर चालायचं,
त्या उष्ट्या सफरचंदाच्या.
दिवाळीत यायचा, दाखवायचा,
आणि हैदराबादला परत घेऊन जायचा.
मंगळवारी त्याचा मेसेज आला:
मामा, आता तुमच्यावर पण चालतं.

माझ्यावर म्हणजे
कारखान्यातल्या हिशेबाच्या जुन्या कॉम्प्युटरवर,
आणि तडा गेलेल्या फोनवर.

सुट्टीच्या दिवशी अक्कलकोट रोडला
माग बंद असतात तेव्हा कान दुखतात.
दुपारी एकटाच बसलो. डबा उघडा,
शेंगाचटणीचं बोट माऊसला लागलेलं.
समोर पांढरा पडदा आणि एक काळा ठिपका.
लिहा, म्हणतोय.

माझ्याकडे बावीस वर्षांचे शब्द आहेत, मागवाल्यांचे.
बिडीच्या लेबलामागे लिहिलेले, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या अंगाला,
टॉवेलच्या चिंधीवर बॉलपेनने.
निम्मे तेलुगू, थोडे कन्नड, बाकी मराठी,
आणि काही नुसत्या शिव्या
ज्या तिन्ही भाषांत चालतात.
पिशवी एकच. दोनदा उंदरांनी वाचलेली.

लिहिलं: माग.
एंटर. टॅब. ठिपका उजवीकडे सरकला
आणि मागाच्या पोटात गेला.
लाकडी. लोखंडी.
अजून आत: धोटा. कांडी. फणी.
अजून आत: धोटा उडून इरय्याच्या भुवईला लागला ते साल.
(साल आठवेना. प्रश्नचिन्ह टाकलं.)
बाजूच्या त्रिकोणावर टिचकी मारली
तर सगळं मिटलं, राहिला नुसता माग.
पुन्हा टिचकी, इरय्या भुवई धरून उभा.
हे मी किती वेळा केलं ते सांगत नाही.

संध्याकाळी घरी फोन उघडला,
सगळं तिथे आधीच येऊन बसलेलं.
मी सायकलवरून आलो, ते कशावरून आलं?
पद्मा म्हणाली, बघू.
बघितलं, आणि चष्मा लावून एका बोटाने
फणीच्या खाली लिहिलं:
पाणी गुरुवारी, पहाटे तीन वाजता. मोटार लावणे.
दुसऱ्या दिवशी कारखान्यात
कॉम्प्युटरवर मोटार लावणे वाचलं.
काढणार होतो. राहू दिलं.
पाणीसुद्धा मागवाल्यांचाच शब्द आहे.

मग वही आली.

वही कुठे टाकायची?
मागाच्या पोटात, फणीच्या शेजारी:
वहीच्या डोळ्यांतून ताण्याचा एकेक धागा ओवतात,
अडीच-तीन हजार डोळे, एक चुकला
तर पूर्ण टॉवेलभर रेघ जाते.
की दुसरीकडे, जिथे मी शाळा असा ठिपका केलाय?

चौथीत गुरुजींनी विचारलं, वडील काय करतात रे?
मी उभा राहून म्हणालो, वही भरतात.
गुरुजींनी मान डोलावली
आणि रकान्यात लिहिलं: कारकून.
शाईचं अक्षर होतं, वळणदार.
मी बघत राहिलो. बोललो नाही.
घरी गेलो तर बापू दिव्याखाली बोटाला एरंडेल चोळत होते.
त्यांना सही येत नव्हती,
अंगठा द्यायचे, आणि त्या अंगठ्यावरच्या रेघा
धाग्याने झिजलेल्या, म्हणून ठसाही धड उठायचा नाही.
त्यांना मी काही सांगितलं नाही.
वर्षभर मला वर्गात कारकुनाचा मुलगा म्हणायचे.
मला ते आवडायचं.

परत फिरायचं बटण आहे यात.
दाबत गेलो. धोटा गेला, कांडी गेली,
पहिला ठिपका तेवढा उरला, आणि त्यापुढे ते जाईना.

पुन्हा सगळं आणलं.
वहीला कुणाच्या पोटात घातलं नाही.
डावीकडे, अगदी काठाला ठेवली.
तिच्याखाली लिहिलं:
सायण्णा गड्डम. कारकून नव्हे.

बराच वेळ पडदा तसाच.
बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवून गेला.
मग माझा हात कीबोर्डवर नसताना
खाली एक नवा ठिपका उमटला,
घरून, एका बोटाने,
अक्षर अक्षर थांबत:

मग?