पसंतीक्रम

अकरावीच्या फॉर्मात दहा रकाने.
पहिल्या रकान्यात श्रावस्तीनं जे कॉलेज भरलं
ते माझ्या यादीत नव्हतं,
तिच्या मामाच्या यादीत नव्हतं,
क्लासच्या सरांनी तर नाव ऐकून
नुसता चष्मा पुसला.

एक्क्याण्णव टक्के. काय हवं ते मिळालं असतं.
हे कन्नमवार नगरपासून दोन बस,
लिंक रोडची रखडपट्टी,
आणि शेवटी बारा मिनिटं चढ.
मी विचारलं, आहे काय तिथं?
म्हणाली, झाडं.

झाडं मला नको सांगूस, म्हटलं.
बावीस वर्षं छाटणीच्या गाडीवर आहे मी.
झाड म्हणजे तक्रार क्रमांक.
तारेला टेकलेली फांदी,
सेक्रेटरीची अंधारलेली बाल्कनी,
गटाराच्या पाइपात शिरलेला पिंपळ
जो दर वर्षी उपटायचा
आणि जो दर वर्षी असतोच.
मे महिन्यात तर जेवायला हात धुवायचे
तेही डिंक लागलेले.

घरी आलो की कॉलरमधून भुसा पडायचा.
ही तेव्हा चार वर्षांची,
फरशीवरचा तो भुसा चिमटीत धरून हुंगायची.
आज आंबट आहे, बाबा.
आज कालचाच आहे.
मी सांगायचो, हा शिरीष, हा सोनमोहर, थुंक तो, तोंडात नको.
मला वाटायचं, खेळतेय.

नाव पहिल्याच यादीत लागलं.
पहिली पसंती मिळाली की नाकारता येत नाही, असा नियम आहे.
तो नियम तिनं आधी वाचला होता,
मी नंतर.

बुधवारी कागद घेऊन गेलो.
डासांचं विचारायचं होतं, सापांचं विचारायचं होतं,
बसायला जागा, प्यायला पाणी, मुलींचं स्वच्छतागृह,
सगळं एका चिठ्ठीवर लिहून खिशात.
गेटपासून ऑफिसपर्यंत ऊन लागलंच नाही
हे मला कळलं ते ऑफिसात,
पंख्याखाली घाम यायला लागल्यावर.
खिडकीवरच्या कारखानीस बाई म्हणाल्या,
दाखल्याच्या पाठीमागे हे काय सांडलंय?
जांभूळ, श्रावस्ती म्हणाली. आत्ताच पडलं. वाटेत.
बाईंनी शिक्का
डागाच्या जरा बाजूला मारला.

ती फी भरायच्या रांगेत होती,
मी व्हरांड्यात.
समोर वर्ग. वर्गाच्या खिडकीतून
एक फांदी आत गेलेली,
जाड, माझ्या मांडीएवढी,
शेवटच्या बाकाच्या वरून वळून पुन्हा बाहेर.
आणि खिडकीचे गज
कापलेले.
नीट कापलेले, कानस मारून, टोकांना लाल रंग लावून,
फांदी वाढेल म्हणून वितभर जागा जास्त सोडून.

मी जवळ जाऊन बघितलं. बोटानं बघितलं.
बावीस वर्षांत कुठल्याही अर्जात
कुणी लिहिलं नव्हतं,
साहेब, आमचे गज कापा.

शिपाई म्हणाला, काय बघताय?
म्हटलं, काम बघतोय.

चिठ्ठी खिशातच राहिली.
डासांचं काय ते आता घरीच बघू,
ओडोमॉस आहे.

उतारावर तिनं हात धरून थांबवलं.
बाबा, हे कुठलं?
मी वर बघितलं
आणि पटकन सांगता येईना.
झाडं मी वरून ओळखतो,
लिफ्टच्या पाळण्यात उभा राहून, शेंड्याच्या बाजूनं,
हातात करवत, खाली ट्रॅफिक अडवून धरलेलं.
खालून, मान मोडून, रिकाम्या हातांनी
असा कधी उभा होतो?

नजर मात्र सवयीनं चढत गेली,
बुंध्यावरून पहिल्या बेचक्यापर्यंत,
तिथून कुठली फांदी आधी घ्यायची,
दोर कुठं बांधायचा, कुठल्या अंगाला पडेल.
सगळा हिशेब झाला.

उंडी असावी, म्हटलं.
असावी म्हणजे?
म्हणजे तू शोध. दोन वर्षं आहेत.

मग बस आली, भरलेली,
आणि पुढचीसाठी थांबू या का
असं ह्या वेळी मीच विचारलं.