हरकती व सूचना

टायपिंग क्लासच्या बंद खोलीत सभा भरली.
टेबलावर प्लास्टिकची इमारत, चौदा मजली,
गच्चीवर हिरवळ, कात्रीनं कापलेली.
विसपुते म्हणाले, आपला दहीपुलाचा कोपरा कुठाय यात?
आर्किटेक्टनं पेनाच्या टोकानं दाखवला:
हा रॅम्प. इथून गाड्या खाली जातील.

खाली!
हसीनाबी कोकणींना हसू आवरेना.
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं
त्या साली त्यांच्या दुकानात
मांजरपाटाचे तागे पोहत होते.
खाली गाड्या ठेवणार म्हणे.

मग भाडं, मग चटईक्षेत्र, मग चहा.
दुसान्यांचा मुलगा म्हणाला, लिफ्ट असेल.
एवढंच म्हणाला
आणि सगळे गप्प, कारण परवाच
त्याच्या आईला दवाखान्यात नेताना
खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं,
जिन्याच्या वळणावर
दोनदा खुर्ची टेकवावी लागली.
एक हात माझाही होता.

मी इतिवृत्त लिहीत होतो.
माझं दुकान म्हणजे जिन्याखालची साडेचार फूट जागा,
छत्र्या, चेनी, बॅगांची कुलपं.
नकाशात जिनाच वेगळीकडे,
त्याच्याखाली मीटरचं कपाट.
ही हरकत कुणी घेतली नाही.
मीही नाही.

हात वर करा म्हणाले.
माझ्या एका हातात पेन,
दुसरा वहीवर, पंख्यानं पान उडू नये म्हणून.
नऊ विरुद्ध सात.
एक तटस्थ, असं लिहिलं,
खोडलं,
मग शेजारी पुन्हा तेच लिहिलं,
जरा बारीक अक्षरात.