वेळ संपल्यावरचा चेंडू

घड्याळ दाखवून खोब्रागडे सरांनी
चुन्याच्या ठिपक्याकडे बोट केलं :
वेळ संपली. ही एक किक तेवढी बाकी.

आरमोरीकडचं आमचं कॉलेज,
मैदान म्हणजे धान कापलेली बांधी,
बांबूचे दोन खांब, वर सुतळी,
मधे रैनू नैताम, बिनमोज्यांच्या हातांचा.

मी मारला. त्यानं अडवला,
कोपरानं की छातीनं, त्यालाही सांगता येईना.
ओळखीच्या कुत्र्यासारखा चेंडू
माझ्याच पायाशी परत आला.
मी पुन्हा मारला.
आमची पोरं ओरडत मोहाच्या झाडापर्यंत धावली.

सर म्हणाले, नाही.
काहून नाही, सर?

त्यांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं,
एसटीच्या तिकिटाची खूण होती तिथलं वाचलं,
आमचे चेहरे पाहून मिटवलं.
"गोलकीच्या आंगाले लागून परतला ना बापा,
तठीच मेला थो.
मेलेल्याले कितीकदा मारतेस?"

पाच मिनिटं आधी
हाच चेंडू, हाच पाय
आणि गोल.

जाळं नव्हतंच. मेलेला चेंडू
धुरा ओलांडून लाखोरीत जाऊन पडला होता.
शेळ्या राखणाऱ्या एका पोरीनं
तो उचलला, कानाशी हलवून पाहिला,
आणि अनवाणी पायानं
असा काही मारला आमच्याकडे
की रैनूनं सवयीनं झेप घेतली.

सरांच्या तोंडात शिट्टी होती.
वाजवली नाही त्यांनी.