बोटाखालचा चंद्र

रेंज फक्त सड्यावर येते,
तीही मेथरांच्या काजूखाली, दगडावर बसलं तर.
उभं राहिलं की जाते.
तिथे संध्याकाळी शाळेची सातही पोरं
तीन मोबाईलांवर वाकलेली,
जाळ्याच्या एकाच भोकाकडे धावणाऱ्या तारल्यांसारखी.

मला वाटायचं, कार्टून.
एकदा जाळं शिवायचं टाकून वर गेलो,
ओरडायलाच.
माझा मोबाईल स्वरांगीच्या मांडीवर,
काच कोपऱ्यात फुटलेली, खवला चिकटलेला,
आणि आत पृथ्वी, कोकमाच्या फळाएवढी.
ती बोटाने चंद्र सरकवत होती.
चंद्र इकडे, पाणी इकडे फुगतं.
चंद्र तिकडे, पाणी त्याच्या मागे.
"बाबा, वडून बघ."
बोटाला डिझेलचा वास. ओढला.
आला की मुकाट!
एवढी वर्षं त्याने मला ओढलं,
रात्री दोनला, तीनला, अंथरुणातून.

मी विचारलं, "अवसेक चंद्र दिसणा नाय,
मगे पाणी कोण चढयता?"
वाटलं, आता अडकेल.
तिने उत्तर दिलंच नाही.
पिवळं बटण दाबलं, सूर्य आला.
दोघांना एका बाजूला लावलं
आणि पाणी उसळलं.
"बघ."
बघितलं.
बेचाळीस वर्षांचा मी,
त्यातली अठ्ठावीस उधाणाच्या पाठीवर,
आणि आज कळतंय की अवसेला
वर दोघं जण असतात दोरीला.

ही साईट दाखवली गुंजाळ बाईंनी. त्या संगमनेरच्या.
इथे आल्या तेव्हा पहिल्याच ओहोटीला
समुद्र आटला म्हणून घाबरल्या होत्या.
म्हणतात, मीपण ह्याच्यावरच शिकले, मागल्या महिन्यात.
ह्याला हसायचं की नाही, अजून ठरवलेलं नाही.

दुसऱ्या खेळात एक गोल पोळी, वर लाल ठिपके.
पोरं तिला पिझ्झा म्हणतात. खाल्लाय एकानेच,
मेथरांच्या धाकट्याने, कणकवलीत.
तीन चतुर्थांश उचला, आतला आवाज म्हणाला.
स्वरांगीने अर्धी उचलली.
पोळी नुसती हलली, मान हलवावी तशी,
आणि परत जागेवर.
पुन्हा उचलली. पुन्हा हलली.
मी वाट बघत होतो, आता कुणीतरी मारणार.
माझी पेरं आपोआप मिटली.
आमच्या मास्तरांची निगडीची शिमटी
दुसऱ्या चुकीपर्यंत थांबायची नाही.
तिसऱ्या वेळी तीन तुकडे अलगद वर आले.

"म्हणजे पाऊण," मी म्हटलं.
"तुका येता?"
येतं?
अगे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.
चवथीला तीन, अष्टमीला सहा.
माझ्या बापाने शिकवलं, त्याला त्याच्या.
चौथीत गणितात उडालो
तरी होडी कधी गाळात रुतवली नाही.
ती माझ्याकडे बघत राहिली,
जसं काही मलाच कुठेतरी एक बटण सापडलंय.

आता ती धक्क्याच्या पायऱ्यांवर खडूने रेघा मारते,
बाजूला तिथी, वेळ.
पुनवेला साईट म्हणाली बारा,
माझा हिशेब सव्वाअकरा,
खाडीत पाणी भरलं साडेबाराला.
"साईट चुकली," मी म्हणालो, जरा खुशीतच.
माझं चुकलेलं ती बोलली नाही.
"चुकली नाय. तेका आपली दांडी म्हायत नाय."
खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी आहे खरी,
पाणी तिथे अडून आत येतं.
हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं.

काल भांग. पाणी चढलंच नाही फार,
रेघ मारायची जागा खाली, शेवाळावर.
तिचा हात पोचेना.
"बाबा, तू मार."
उतरलो, गुडघाभर.
खडू भिजला, रेघ उमटलीच नाही.
"पुन्हा," ती वरून म्हणाली.