पाठ

थांबलो तेव्हा फेब्रुवारीतला सूर्य,
दोन महिन्यांनी परतलेला पाहुणा,
उम्मानाकच्या डोंगरामागे निघायच्या बेतात होता.
बारा कुत्री, बारा दोर,
आणि बाराही दोरांची मिळून एकच वेणी:
धावताना हा त्याच्या खालून, ती ह्याच्या वरून,
भांडणं, लगट, मत्सर, सगळं विणलेलं,
वर गोठलेली घाण.

नुकाकाने हातमोजे काढून दातांत धरले.
नऊ वर्षांची आहे.
जरा खटपट केली, मग म्हणाली,
"अताता, तू सोडव."
मी म्हणालो, "मला भोक पाडायचंय,"
आणि पहार घेऊन खरंच बर्फ फोडू लागलो
तिच्याकडे पाठ करून.

पाठीलाही कान असतात.
तिचं नाक ओढणं,
बोटांवर फुंकर, पुन्हा फुंकर,
दोर बर्फावर आपटल्याचा आवाज.
दोन मिनिटांत सोडवलं असतं मी.
कुठला पदर कुठे दडतो
हे बोटांना झोपेतही ठाऊक.
पण माझ्या बोटांना.

माझ्या बापाकडे, इनुतेककडे, शब्द मोजकेच,
तेही हवामानासाठी राखून ठेवलेले.
तोही असाच पाठमोरा उभा राहायचा
पाइप तोंडात धरून,
आणि मी गाठींशी रडत झुंजताना म्हणायचो,
ह्याला माझं काही पडलेलं नाही.
पस्तीस वर्षं म्हणत आलो.
आज पहारीवर हात घट्ट आवळले
तेव्हा आठवलं,
त्या पाइपमधून कधी धूर येत नसे.

मग मागून एक शब्द आला.
तो इथे लिहीत नाही.
सियुतला, म्हाताऱ्या कुत्र्याला, घातलेला,
माझाच शब्द,
माझ्याच सुरात,
शेवटी तोच, थुंकल्यासारखा झटका.

गेल्या हिवाळ्यात वादळ अंगावर येत होतं.
मी सुरी काढून दोर कापले होते, सपासप,
आणि सियुतच्या बरगडीत लाथ घातली होती.
ती तेव्हा स्लेजवर, कातड्यात गुरफटून झोपली होती.
असं मी समजत होतो.

वळलो.
तिच्या हातात सुरी होती.
ओरडलो असतो, पण कोणत्या तोंडाने?

पहार ठेवली.
तिच्याकडे नाही, कुत्र्याकडे गेलो.
गुडघे टेकले,
जिथे मारलं होतं तिथेच हात फिरवला.
त्याने अंग चोरलं.
बऱ्याच वेळाने माझा तळवा हुंगला,
माफ केल्यासारखा नाही,
नुसता, कोण आहे ते पाहिल्यासारखा.
काही न बोलता परत जाऊन
मी बर्फ फोडू लागलो.

मागे शांतता.
एवढी की फियॉर्डखाली भरती चढताना
बर्फ कण्हतो, ते ऐकू यावं.
मग सुरी म्यानात गेल्याचा
बारीक 'खट्'.

किती वेळ गेला सांगता येत नाही.
आकाश जांभळं झालं,
माझ्या भोकातल्या पाण्यावर दोनदा साय धरली.
अकरा दोर मोकळे झाले.
बाराव्यात एक निरगाठ, तिच्याने सुटेना,
आणि मी हात पुढे केला तर
तिने तो कोपराने बाजूला सारला.
"राहू दे. तशीच जुंपू."

तर घरी परतताना
सियुत गाठीसकट धावला,
आखूड दोराने, सगळ्यांच्या किंचित मागे,
वळून वळून स्लेजकडे बघत.
नुकाकाची सुजलेली बोटं माझ्या काखेत,
गाल माझ्या पाठीला टेकलेला.
गावाचे दिवे दिसू लागले तेव्हा म्हणाली,
"एवढ्या वेळात तुझं भोक एवढंसंच?
मासा तर एकही नाही."

"बर्फ फार कठीण होता," मी म्हणालो.