पाळणा

साडेसहाला ओतिलिया चुंगा धक्क्याच्या टोकाशी उभी राहते,
दोरीला बांधलेली निळी बादली खाली सोडते
आणि समुद्र वर ओढून घेते, सात-आठ लिटर.
तापमापी बुडवून शंभरपर्यंत मोजते.
मग वहीत आकडा.
रविवारीसुद्धा. नवरा गेला त्या सकाळीसुद्धा :
सतरा पूर्णांक चार.

वह्या तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात असतात,
कारण उंदरांना आकड्यांची चव लागलीय.

ऑक्टोबरात आकडा विसावर गेला.
मग बावीस.
मग तिनं तापमापी बदलून पाहिली,
नवीही तेच म्हणाली.
फोनवर राजधानीतला पोरगा : बाई, नीट मोजलंत ना?
ती म्हणाली, समुद्राला विचार, इथंच आहे.

त्या दुपारी सांतोस पेरिचेच्या जाळ्यात
एकही आंचोवी नव्हती.
होता एक लठ्ठ, चकाकता, परका मासा.
त्याचं नाव फक्त सांतोसच्या बापाला आठवलं,
आणि त्यानं ते इतकं हळू घेतलं
की शेजारच्या होडीतल्यांनी विचारलंच नाही.

पेरूच्या या किनाऱ्यावर गरम पाण्याला बाळ म्हणतात.
नाताळच्या सुमारास येतं म्हणून, लाडानं.
बाळाचे पाय म्हणे पाळण्यात दिसतात;
ओतिलियाला ते बादलीत दिसले.

आणि पाळणा तरी केवढा!
एरवी वारे पाण्याला पश्चिमेकडे रेटत राहतात,
इतके, की आशियाच्या अंगाला समुद्र हातभर उंच साचतो.
मग कधीतरी वारे थकतात.
का थकतात, ते नीटसं कुणालाच सांगता येत नाही.
साचलेलं ऊबदार पाणी मागं फिरतं,
हळू, महिनोनमहिने,
आणि ढगही आपलं बिऱ्हाड उचलून त्याच्यामागं निघतात.
याला नाव आहे प्रशांत.

ढग गेले तिथं मागं काय उरलं?
चौदा हजार किलोमीटरवर, न्यू गिनीच्या डोंगरात,
पेसोने नावाची बाई पहाटे दार उघडते.
रात्र उघडी पडली होती, वर पांघरूण नव्हतं.
रताळ्याचे वेल काळे.
कुणी उकळतं पाणी ओतून गेल्यासारखे,
फक्त ते पाणी गोठलेलं.
ती बोटानं एक पान मोडते. ते मोडतं काचेसारखं.
सासू म्हणते, माझ्या लहानपणी असंच झालं होतं,
तेव्हा आम्ही खाली मामांकडे चालत गेलो होतो.
कितीक दिवस?
सासू सांगत नाही, चपळाईनं गाठोडं बांधते.
पेसोने डुकरिणीच्या पायाला दोरी लावते.

जानेवारीत सेचुराच्या वाळवंटावर पाऊस पडला.
शेळ्यांना तो काय आहे हे कळेना,
त्या त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.
फेब्रुवारीत वाळवंट तळं झालं.
मार्चमध्ये सांतोसनं होडी ट्रकवर चढवली,
समुद्राकडे पाठ करून आत नेली,
आणि जिथं गेल्या वर्षी त्याच्या मेहुण्याची मोटारसायकल रुतली होती
तिथं जाळं टाकलं.
मासे मिळाले. भरपूर.
होडी बांधली विजेच्या खांबाला.
रडावं की हसावं हे ठरेना,
म्हणून त्यानं मासे मोजले.

ओतिलियाच्या घरात पाणी शिरलं तेव्हा ती धक्क्यावर होती.
सत्तावीस पूर्णांक एक, लिहीत होती.
डबा तरंगत अंगणापर्यंत आला
आणि लिंबाच्या झाडाला अडकला.

आता ऊन पडलंय.
दोरीवर कपड्यांऐवजी वह्या.
पानं एकमेकांना चिकटलीत, शाई पसरलीय,
एकोणीस वर्षांचा समुद्र एकमेकांत मिसळलाय.
ती नखानं एक पान सोडवते. सतरा पूर्णांक
पुढं निळा डाग.
चार असेल. नऊही असेल.
त्या सकाळी पाणी किती गार होतं
हे आता फक्त तिच्या मनगटांना माहीत आहे.